‘सिस्टीम घेत नाही’ म्हणाले तर: यंत्राच्या नकाराशी कसं भांडायचं

आठवड्यातून एक दिवस मी आमच्या तालुक्याच्या गावी लोकांना अर्ज लिहून द्यायला बसतो. समोर येणारा माणूस जवळजवळ नेहमी एकच वाक्य घेऊन येतो: ‘सिस्टीम घेत नाही म्हणाले.’ त्याची भावंडंही आहेत. ‘थंब येत नाही.’ ‘वरूनच बंद झालंय.’ ‘नाव उडालंय.’ शेवटचं वाक्य मला विशेष आवडतं, कारण व्याकरणाने पाहिलं तर त्यात ‘नाव’ हाच कर्ता. नाव आपलं आपणच उडालं, कोणी उडवलं नाही! या वाक्याचा खरा कर्ता शोधून काढायचा आणि त्याची सही कागदावर घ्यायची, एवढ्यासाठीच हा लेख आहे.

कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मानवी हक्क म्हटलं की परिसंवाद आठवतात. पण आपल्याकडच्या बहुसंख्य लोकांची या यंत्रांशी गाठ पडते ती रेशन दुकानात, अंगणवाडीत, पेन्शनच्या रांगेत आणि बँकेच्या खिडकीपाशी. तेलंगणात ‘समग्र वेदिका’ नावाची प्रणाली वेगवेगळ्या खात्यांची माहिती एकत्र जुळवून कोण गरीब आणि कोण नाही ते ठरवू लागली. २०१४ ते २०१९ या काळात तिथे १८ लाखांहून जास्त शिधापत्रिका रद्द झाल्या, नोटीस न देता. हैदराबादच्या एका विधवेची शिधापत्रिका गेली, कारण सायकलरिक्षा ओढणाऱ्या तिच्या नवऱ्याला प्रणालीने मोटारीचा मालक ठरवलं होतं. नाव सारखं, माणूस दुसरा. अखेर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेल्या पत्रिकांची प्रत्यक्ष पडताळणी करायला सांगितली. त्याच वर्षी हरियाणात सरकारी नोंदीत मृत ठरलेल्या १०२ वर्षांच्या आजोबांनी आपण जिवंत आहोत हे दाखवायला चक्क वरात काढली होती.

आपल्याकडेही फार वेगळं नाही. २०२५ च्या जुलैत महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनी सांगितलं, की माहिती तंत्रज्ञान विभागाच्या जुळणीत ‘लाडकी बहीण’चे सुमारे २६.३४ लाख लाभार्थी अपात्र दिसले, म्हणून त्यांचा लाभ तात्पुरता थांबवला आहे आणि शहानिशा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होईल. त्यातले काही खरोखर अपात्र होते, पुरुषांचीही नावं निघाली, त्याबद्दल वाद नाही. माझी तक्रार क्रमाबद्दल आहे. आधी हप्ता थांबला, पडताळणी नंतर. ज्याचं ऐकून घेतलं नाही त्याच्याविरुद्ध निर्णय द्यायचा नाही, हे नैसर्गिक न्यायाचं तत्त्व आपल्या न्यायालयांनी कितीदा तरी सांगितलंय. संगणकाने यादी काढली म्हणून ते रद्द होत नाही.

आता कामाला लागू.

पहिली पायरी: नेमकं काय बिनसलंय ते ओळखा

‘सिस्टीम घेत नाही’च्या पोटात तीन वेगवेगळी दुखणी असतात आणि प्रत्येकाचं औषध निराळं. इथेच लोक सगळ्यात जास्त हेलपाटे घालतात. दुखणं बँकेत असतं आणि माणूस तहसीलच्या पायऱ्या झिजवत असतो.

पहिलं दुखणं ओळख न पटण्याचं. बोटांचे ठसे जुळत नाहीत किंवा चेहरा जुळत नाही. आमच्याकडच्या एक मावशी चाळीस वर्षं बिड्या वळतात. अंगठ्यावरच्या रेषा जवळजवळ पुसल्याच आहेत. गवंडी, धुणीभांडी करणाऱ्या बाया, ऊसतोड मजूर, सगळ्यांची तीच गत. अशा वेळी दुकानदाराला स्क्रीनवर आलेला त्रुटीचा आकडा वाचून दाखवायला सांगा आणि लिहून घ्या. ३०० म्हणजे ठसा जुळला नाही. ३३० म्हणजे तुमचे बायोमेट्रिक कुलूपबंद आहेत, जे कोणीतरी मोबाइलवरून लॉक करून विसरून गेलेलं असतं आणि पाच मिनिटांत उघडता येतं. ८११ म्हणजे आधारच्या साठ्यात तुमचे त्या प्रकारचे ठसेच नाहीत, आधार केंद्रात जाऊन ते नव्याने द्यावे लागतील. एकाच अंगठ्यावर अडून बसू नका, दहाही बोटं लावून पाहा. बऱ्याच दुकानांतल्या ई-पॉस मशीनला आता डोळ्यांचं स्कॅनरही असतं. मोबाइल आधारला जोडलेला असेल तर आधारच्या संकेतस्थळावर मागच्या सहा महिन्यांत कुठे कुठे तुमची ओळख तपासली गेली आणि ती पटली की फसली, याची यादी मिळते. एका वेळी ५० नोंदी दिसतात. ती छापून घ्या. ‘ही बाई आलीच नव्हती’ असं कोणी म्हणालं, तर ही यादी तुमची साक्षीदार. आणि कधीकधी याच यादीत असंही दिसतं, की अंगठा जुळला होता, धान्यही ‘उचललं’ गेलं होतं, फक्त तुम्हाला मिळालं नव्हतं. मग मामला यंत्राचा नसतो, दुकानदाराचा असतो.

चेहऱ्याच्या बाबतीत अंगणवाड्यांमध्ये सध्या गोंधळ चालू आहे. घरी न्यायच्या पोषण आहारासाठी १ जुलै २०२५ पासून चेहरा-ओळख सक्तीची झाली, आणि आधारवरचा फोटो दहा-बारा वर्षांपूर्वीचा असेल तर बाळंतीण बाईचा चेहरा त्याच्याशी जुळेलच असं नाही. फोटो अद्ययावत करून घेणं हा एक उपाय. पण तोवर आहार कोणी अडवू नये, त्यासाठी दुसरी पायरी.

दुसरं दुखणं जुळणीत गळण्याचं. इथे तुम्ही तुम्हीच आहात हे मान्य असतं, पण कुठल्या तरी दुसऱ्या यादीत तुमचं नाव सापडलेलं असतं. आयकर भरणारे, चारचाकीवाले, कंपनीचे संचालक. २०२५ मध्ये केंद्राने याच तीन प्रकारच्या शिधापत्रिकाधारकांच्या याद्या राज्यांकडे पडताळणीसाठी पाठवल्या. तुमच्या पॅनवर काय काय नोंदलंय ते आयकराच्या संकेतस्थळावर ‘एआयएस’ नावाच्या विवरणात दिसतं. पुण्या-मुंबईत कंत्राटावर काम करून आलेल्या पोरांच्या पॅनवर ठेकेदारांनी भलतंच काही नोंदवून ठेवलेलं असू शकतं. गाडीचं म्हणाल तर विकलेल्या जुन्या गाडीचं नाव आरटीओत बदललंच नाही, हे कारण मी सर्वांत जास्त वेळा पाहिलंय. दहा वर्षांपूर्वी विकलेली जीप आज रेशन खाते.

तिसरं दुखणं पैसे दुसरीकडे गेल्याचं. सरकारी हप्ता तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यावर जातोच असं नाही. आधारशी सगळ्यात शेवटी जोडलेलं जे खातं असेल तिथे तो जातो. कधीतरी मोबाइलच्या दुकानात पेमेंट बँकेचं खातं उघडलेलं असतं, ते विसरून गेलेलं असतं आणि हप्ते तिथे गुपचूप साठत असतात. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती पाहिली की बँकेचं नाव कळतं. हे आधी बघा. अर्ध्या लोकांचं भांडण इथेच संपतं आणि चहा पिऊन ते घरी जातात.

दुसरी पायरी: त्याच दिवशी कागद करा

‘पुढच्या महिन्यात या’ हे ऐकून घरी परत जाऊ नका. मावशी तीन महिने तशाच परत जात होत्या आणि त्या तीन महिन्यांचा कुठेही पुरावा नव्हता. दुकानाच्या वहीत नाही, मशीनमध्ये नाही. जणू त्या आल्याच नाहीत.

ओळख पटत नसेल, तर २४ ऑक्टोबर २०१७ चं आधार प्राधिकरणाचं परिपत्रक नावानिशी आणि तारखेनिशी सांगा. आधार नाही किंवा ठसा जुळत नाही एवढ्यावरून रेशन किंवा कुठलाही लाभ नाकारू नये, दुसरा ओळखपुरावा पाहून द्यावा आणि अशा व्यवहारांची अपवाद म्हणून वेगळी नोंद ठेवावी, असा त्याचा आशय. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात आधारशी न जोडल्यामुळे रेशन बंद झालेल्या घरातली अकरा वर्षांची मुलगी दगावली होती, आणि देशभर त्यावरून गदारोळ उठला होता. पुढे २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयाने योजनांसाठी आधार वैध ठरवलं, पण ठसा जुळला नाही म्हणून खऱ्या लाभार्थ्याला वंचित ठेवता येणार नाही, हेही नोंदवलं. त्याच निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी वेगळं मत दिलं. माणसाची प्रतिष्ठा आणि त्याचे हक्क अल्गोरिदमवर आणि संभाव्यतेवर सोडता येत नाहीत, असं त्यांनी त्यात म्हटलंय. ते अल्पमत असल्यामुळे कायदा झालं नाही. तरी अर्जात मी ते कधीकधी लिहितो. साहेब लोक वाचतात.

अर्ज साधा हवा. कोण, कुठली योजना, कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठे गेलो, मशीनने काय दाखवलं, समोरचा काय म्हणाला आणि मला काय हवंय. एका पानाच्या वर जाऊ नका. दोन प्रती काढा, एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच देत नसतील तर वाद न घालता टपाल कार्यालयात जाऊन तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती चिकटवून ठेवा. या एका कामात आळस केला तर पुढच्या सगळ्या पायऱ्या लंगड्या पडतात.

तिसरी पायरी: कारण मागा, आणि कारण देणाऱ्याचं पद

माहिती अधिकारात ‘का’ असा प्रश्न विचारला की जनमाहिती अधिकारी खूश होतो. ‘प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही’ असं एका ओळीत उत्तर लिहून तो मोकळा. म्हणून कागद मागायचे. पण एक अपवाद आहे, आणि तो आपल्या प्रकरणात अगदी फिट्ट बसतो: कलम ४(१)(घ). प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला देणं हे कार्यालयाचं कर्तव्यच आहे. तुम्ही बाधित आहात. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत असावा लागतो, त्यामुळे कहाणी लिहू नका. माझा नमुना असा:

‘विषय: शिधापत्रिका क्र. ____ वरील धान्य ____ महिन्यापासून बंद केल्याबाबत. मी स्वतः बाधित व्यक्ती आहे, ओळखपत्राची प्रत सोबत.
१) धान्य बंद करण्याच्या आदेशाची प्रत, आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याच्या पदनामासह.
२) या निर्णयाची कारणे, कलम ४(१)(घ) नुसार.
३) माझी नोंद ज्या यादीशी अथवा माहितीसाठ्याशी जुळवली त्याचे नाव, व जुळणीत माझ्याबाबत निघालेली नोंद.
४) जुळणीचे निकष असलेल्या परिपत्रकाची किंवा शासन निर्णयाची प्रत.
५) प्रत्यक्ष पडताळणीच्या अहवालाची प्रत.
६) बंद करण्यापूर्वी मला दिलेल्या नोटिशीची व माझ्या पोचपावतीची प्रत.’

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालचा दाखला असेल तर तोही खर्च नाही. उत्तराला ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. आयोगाकडे ढीग साचलाय, तिथे लवकर काही होईल अशी आशा धरू नका. खरी कमाई पहिल्या तीस दिवसांतच असते. पाचव्या आणि सहाव्या मुद्द्यावर ‘उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं, की तुमचं प्रकरण निम्मं जिंकलं. पडताळणी केली नाही आणि नोटीस दिली नाही, हे कार्यालयाने स्वतःच्या सहीने लिहून दिलेलं असतं.

‘मी स्वतः बाधित व्यक्ती आहे’ ही ओळ गाळू नका. १४ नोव्हेंबर २०२५ पासून माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ञ) बदललंय आणि वैयक्तिक माहिती नाकारणं अधिकाऱ्यांना सोपं झालंय. स्वतःची माहिती स्वतःला नाकारण्याचा प्रताप झालेला पाहायचा नसेल, तर ती ओळ आणि ओळखपत्र हवंच. शेजाऱ्याच्या घराची माहिती त्याच अर्जात मागू नका.

ज्या कायद्यामुळे हा बदल झाला तो विदा (डेटा) संरक्षणाचा २०२३ चा कायदा दुसऱ्या बाजूने आपल्या उपयोगाचाही आहे. आपल्याबद्दल काय साठवलंय ते पाहण्याचा, चूक दुरुस्त करून घेण्याचा आणि तक्रारीचा हक्क त्यात आहे. ज्या माहितीवरून माणसाबद्दल निर्णय घ्यायचा ती पूर्ण आणि अचूक असल्याची खबरदारी घेण्याची जबाबदारीही माहिती वापरणाऱ्यावर टाकली आहे. मात्र त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि नागरिकांच्या हक्कांचा मुख्य भाग त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायचा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी वेगळा कायदा युरोपीय संघाने २०२४ मध्ये केला. आपल्याकडे तसा नाही. तोवर माहितीचा अधिकार आणि राज्यघटना, हीच आपली अवजारं.

चौथी पायरी: योग्य दार ठोठवा

रेशनसाठी शिडी ठरलेली आहे. पुरवठा निरीक्षक, तहसीलची पुरवठा शाखा, मग अन्न सुरक्षा कायदा २०१३ च्या कलम १५ खालचा जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि त्याच्यावर कलम १६ खालचा राज्य अन्न आयोग. १९६७ हा मदत क्रमांकही आहे. फोन जरूर करा, तक्रार क्रमांक लिहून घ्या, पण फोनवर विसंबू नका. बऱ्याच जणांना ठाऊक नसलेलं कलम म्हणजे ८ वं: हक्काचं धान्य मिळालं नाही तर त्या बदल्यात अन्न सुरक्षा भत्ता मागता येतो. अर्जाच्या शेवटी ‘थकीत महिन्यांचा कलम ८ नुसार भत्ता मिळावा’ असं लिहायचं. नाव पूर्ववत झालं की लोक आनंदाने मागचं सोडून देतात. सोडू नका.

दाखले, नवीन शिधापत्रिका, नाव वाढवणं यांसारख्या अधिसूचित सेवांना महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ लागू पडतो. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत पहिलं अपील. दोषी ठरलेल्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. रक्कम किरकोळ वाटेल, पण दंड आपल्या नावावर बसणं कोणत्याच अधिकाऱ्याला आवडत नाही.

जुळणीत चुकून गळलेल्यांनी तक्रारीसोबत खोडणारा पुरावा जोडायचा: गाडी विकल्याची कागदपत्रं आणि आरटीओकडे नाव बदलण्यासाठी केलेल्या अर्जाची पोच, ‘एआयएस’ची छापील प्रत, तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला, हयातीचा दाखला. ग्रामसभेत विषय मांडून ठरावात नावं घातली तर वजन वाढतं. आणि एकटे जाऊ नका. एकाच दुकानातल्या बारा जणांचे अंगठे उमटत नसतील, तर ती बारा म्हाताऱ्यांची अडचण राहत नाही, मशीनची ठरते. बारा अर्ज वेगवेगळे द्या, पण एकाच दिवशी, एकापाठोपाठ एक आवक क्रमांक पडतील असे.

पाचवी पायरी: हक्कभंग म्हणून मांडा

खालच्या शिडीवर काही हललं नाही तर राज्य मानवी हक्क आयोग. तक्रार मराठीत चालते, शुल्क नाही, वकील लागत नाही. एकच अट: घटनेला एक वर्ष उलटून गेलेलं नसावं. आयोग शिफारस करतो, हुकूम देत नाही, हे ध्यानात ठेवा. तरी आयोगाची नोटीस आली की फाइल हलते.

उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली याचिका करता येते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि दिव्यांग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. तिथे नेमकं काय मांडायचं? सुनावणीशिवाय निर्णय झाला हा अनुच्छेद १४ चा भंग, आणि जगण्याचं साधन काढून घेतलं हा २१ चा. २४ ऑगस्ट २०१७ च्या नऊ न्यायमूर्तींच्या निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला आहे, तोही जोडा. नेदरलँड्समध्ये कल्याणकारी योजनांतले ‘संशयित’ शोधणारी प्रणाली हेगच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये खासगी जीवनाच्या हक्काच्या आधारेच थांबवली होती. आपल्या न्यायालयावर तो निकाल बंधनकारक नाही, पण तुमच्या वकिलाला माहीत असलेला बरा.

पोलिसांबद्दल दोन ओळी

नागपुरात २०२४ मध्ये राज्य पोलिसांसाठी ‘मार्व्हल’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रणा उभी राहिली. तपासात ती उपयोगी पडतही असेल. पण दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकारात सांगितलं होतं, की चेहऱ्याचं ८० टक्के साम्य असलं की ते जुळणी धरतात. म्हणून मुलाला ‘कॅमेऱ्यात आलाय’ म्हणून बोलावलं, तर लेखी नोटीस मागा आणि वकील सोबत न्या. अटक झालीच तर अटकेची कारणं मागा आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करा म्हणून सांगा. त्या वेळी तो कुठे होता याचे पुरावे, म्हणजे हजेरीपट, बसचं तिकीट, मोबाइलवरचे पैशांचे व्यवहार, त्याच रात्री गोळा करा. दुकानांतल्या कॅमेऱ्यांची चित्रफीत काही दिवसांत पुसली जाते.

मावशींचं सांगायचं राहिलं. माहिती अधिकाराच्या उत्तरात ‘नोटीस: उपलब्ध नाही’ आलं आणि पुढच्या महिन्यात धान्य सुरू झालं, आता डोळ्यांच्या स्कॅनरवर. मागच्या तीन महिन्यांच्या भत्त्याचा अर्ज जिल्ह्याला गेलाय. त्याची पोच त्यांनी बिडीच्या सुपाखाली जपून ठेवली आहे, आणि परवा मला म्हणाल्या, ‘भाऊ, ह्यावर सही कोणाची हाय, ते वाचून दाखव बरं पुन्हा.’